गच्चीवरचा दिवा

अंधार पडता पडता विद्याधर आईला घेऊन गच्चीवर आला, तेव्हा शेजाऱ्यांनी आपापले दिवे आधीच मालवले होते. अस्थी नदीत सोडण्याऐवजी लोक आता छोट्या उपग्रहातून वर पाठवत, आणि कुणाचं माणूस डोक्यावरून जायचं असलं, की ते मावळेपर्यंत मिरजेच्या या गल्लीत कुणी दिवा लावत नसे. कोण कधी दिसेल, हे हौसेने उपग्रहांचा माग ठेवणारा विद्याधरच सगळ्यांना सांगायचा.

“आले बघ बाबा,” तो म्हणाला.

पश्चिमेकडून एक ठिपका लुकलुकत वर चढला. आईने हात जोडले.

बाबांचा उपग्रह मागच्याच आठवड्यात खाली येऊन जळून गेला होता. आईला ते सांगायचा विद्याधरला धीर होईना. म्हणून त्याने तसाच लुकलुकणारा, जुन्या रॉकेटचा एक निकामी तुकडा हुडकून काढला होता.

“विदू,” आई हळूच म्हणाली, “हे इतक्या घाईत कधी जायचे नाहीत रे.”

विद्याधर दुर्बिणीचं झाकण उगाच चाचपत राहिला.

“कधी गेले?”

“मंगळवारी. पहाटे, समुद्रावर.”

“आणि इतके दिवस एकटाच गिळून बसलास?”

तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग ठिपका अजून डोक्यावर असतानाच जिन्यापाशी जाऊन तिने गच्चीचा दिवा लावला.

अंधारात थांबलेल्या शेजाऱ्यांना काय ते कळलं. एकेका घरात दिवे लागत गेले, आणि वरचं काहीच दिसेनासं झालं.