वाटाण्याचं सुतक

तानाजीच्या डोक्यात गाठ होती. ठाण्यातल्या डॉक्टर क्षिप्रांनी आधी त्याच्याच पेशींपासून लॅबमध्ये वाटाण्याएवढा मेंदू वाढवला आणि गाठीवरचं औषध त्या वाटाण्यावर घालून पाहिलं. वाटाणा मेला.

“आता ते औषध ह्यांना देणारच नाही. उद्या ऑपरेशन. सही करा.”

दिवा गावाहून आलेल्या तानाजीच्या बायकोनं, हौसाबाईनं, पेन खाली ठेवलं. “दहा दिवस थांबा. सुतक लागलंय.”

“अहो काकू, गाठ सुतक पाळत नाही! आणि तो नुसता गोळा होता. ना विचार, ना अक्कल, ना सांगितलेलं कळायचं!”

“मग ह्यांचाच होता.” डोळे पुसत हौसाबाईनं पेन उचललं. “करते सही. पण वाटाण्याच्या तेराव्याला हे स्वतः पंगतीत बसलेले दिसले पाहिजेत.”