कानात सांगायचं नाव

या, अशा जवळ सरकून बसा. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात झालेल्या एका बारशाची गोष्ट सांगायची आहे. लहानशीच आहे, पण मनात राहील.

पाळणा सजला होता आणि, देवापुढे खोटं कशाला बोला, सुहासिनीच्या पोटात जळत होतं. नातीचं नाव ठरलं होतं मेव्ह. सूनबाईच्या आयरिश माहेरचं. जो तो त्याचंच कौतुक करत होता.

"मेव्ह म्हणजे मेवाच की गं!" पद्मिनीकाकू म्हणाल्या.

विहीणबाई नोरीन तर नुसती फुलली होती. "हल्ली आयरिश नसलेलेही हे नाव ठेवतात! आमच्याच गल्लीत आणखी दोन मेव्ह आहेत, दोघींचं स्पेलिंग वेगळं. माझी आजीही मेव्हच, तिचं स्पेलिंग तर तिसरंच!"

दोन आहेत ना, मग अजून एक कशाला? सुहासिनीच्या मनात आलं. गोदावरी मात्र अख्ख्या मिशिगनमध्ये नसेल. गोदावरी म्हणजे तिची आई. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा सुहासिनी विमानातच होती. मुलाला तिने एकदा सुचवून पाहिलं होतं. "अगं आई, इथे कुणाला म्हणता येणार आहे ते?" मिहीर हसला होता.

नाव कानात सांगायचा मान आत्याचा. पण रेडमंडहून येणाऱ्या सलोनीआत्याची फ्लाइट कॅन्सल झाली.

"मी सांगते," सुहासिनी ताडकन म्हणाली. कानातलं कोण ऐकतंय? गोदावरी सांगायचं. फक्त गोदावरी. कागदावर तुम्ही काय हवं ते लिहा.

दोघी आज्या पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. बाळ पाळण्याखालून इकडून तिकडे गेलं, वरून परत आलं. शेवटी नोरीनने ते पाळण्यात ठेवलं आणि ती तशीच वाकून राहिली.

"सुहासिनी," ती हळूच इंग्रजीत म्हणाली, "तुझ्या आईचंही नाव सांगशील तिला? गो-दा-व-री. कारमध्ये म्हणून म्हणून पाठ केलंय. माझी आजी इथे येऊन घरकामाला लागली, तेव्हा मालकीण म्हणाली, असलं नाव मला जमायचं नाही, तू मेरी. थडग्यावरही मेरीच आहे."

सुहासिनीला आणखीच राग आला. जे लपूनछपून करायचं, ते या बाईने हसतमुखाने हातावर ठेवलं. आता चोरायलासुद्धा काही उरलं नाही!

ती वाकली. बाळाच्या कानाशी ओठ नेले. "कुर्रर्र!" बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. नोरीनने मात्र नुसता हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

कानात पहिलं नाव कुणाचं गेलं, ते सुहासिनीने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण देवापुढे दिवा लावताना ती आपल्या आईपाठोपाठ आणखी एका बाईसाठी हात जोडते. तुम्हीही आज दिवा लावाल तेव्हा तिला आठवा. मेरी म्हणून नको. मेव्ह म्हणून.