बाटलीवरचं नाव

वाघोलीतल्या त्या सोसायटीत अकरा घरांत कावीळ शिरली होती. काविळीच्या विषाणूंवर संशोधन करणाऱ्या डॉ. हेमा गद्रे रिकाम्या बाटल्या घेऊन दारोदार फिरल्या, पण नळाचं पाणी तपासायला द्यायला कुणी तयार होईना. चेअरमनसाहेबांनी ग्रुपवर तसं फर्मानच काढलं होतं.

शेवटी हेमाताई सोसायटीच्या ऑफिसात गेल्या.

"अहो मॅडम, गेटवरच्या पाणीपुरीवाल्याला हाकललंय आम्ही. विषय संपला," चेअरमन म्हणाले. "उगाच पाण्याचं नाव निघालं, तर इथे फ्लॅट कोण घेईल?"

"साहेब, ही कावीळ पाण्यातून पसरते. गरोदर बाईच्या तर जिवावर बेतते."

"बरं. आपण निघा आता."

त्या गेटपाशी पोचल्या, तोच मागून एक मुलगी धापा टाकत आली. आठवा महिना असावा. एक हात पोटावर, बाळाला धीर दिल्यासारखा. दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेली बाटली.

"आमच्या नळाचं पाणी आहे. घ्या, आणि वर नाव लिहा. चांगलं ठळक."

"अगं, तुला कुणी बोललं तर?"

"बोलू देत की."

हेमाताईंनी पेन उघडलं. "सांग, काय लिहू?"

 

"चेअरमनसाहेबांचं घर. सून आहे मी त्यांची."