रुळेल हळूहळू

२०४१ साली सांगलीच्या वैजयंतीबाईंनी आपल्या छोट्या फिशटँकसाठी निळा सिक्लिड आणला. जात नाजूक, टँकचं पाणी पिशवीत थोडंथोडं मिसळून मगच मासा सोडा, असं दुकानदाराने बजावलं होतं. पण मुहूर्त टळत होता आणि हळदीकुंकवाच्या बायका बसल्या होत्या. बाईंनी ओवाळून पिशवी तशीच उलटी केली.

तेव्हा टँकवरचं यंत्र माशांची तगमग माणसांच्या शब्दांत सांगे. इथे त्याला आवाज दिला होता सुनेने, ऋजुताने.

"पाणी बोचतंय. मला परत न्या," टँकमधून ऋजुताचा आवाज आला.

"रुळेल हळूहळू," बाई सवयीने म्हणाल्या.

"अगं, सुनेलाही हेच म्हणायचीस की!" हळदीकुंकवाला आलेल्या पद्माक्का हसल्या. दुसरं कुणीच हसलं नाही.

"मी रुळले नाही, आई," दारातून ऋजुता म्हणाली, "बोलायची थांबले."

बायका निघून गेल्या, तरी बाईंना मान वर करवेना.

मासा संध्याकाळी मेला. पद्माक्कांनी हा किस्सा गावभर केला. ऋजुता नवऱ्यासह कोल्हापूरला राहायला गेली. फोनवर "कशी आहेस?" विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प राहायला वैजयंतीबाई उतारवयात शिकल्या.