किल्ल्याची खेप

सलग तिसऱ्या सोमवारी सुभद्रा वालावलहून एस्टीने मालवणात उतरली आणि थेट धोंडूच्या अंगणात येऊन उभी राहिली. धोंडू कुणाचं तरी फाटकं जाळं सांधत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"भावजी, माका किल्लो बघूचो आसा. दोघांनीच जावया."

"माझी होडी पाण्यात जावची नाय, वैनी. सत्यवानाक सांगतंय. तो न्हेतलो तुमका."

"दुसऱ्याच्या होडयेत बसूचा असता, तर तुमच्या दारात इलंय नसतंय."

ती ओटीच्या कडेला बसली. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. समोर अर्ध्या मैलावर पाण्यात किल्ला उभा होता. धोंडूला तो रोज दिसायचा आणि रोज तो पाठ फिरवून बसायचा.

बावन्न सालच्या आश्विनात किल्ल्यावरून परतताना त्याची होडी खडकांजवळ उलटली होती. धोंडू खडकाला धरून तगला. सुभद्रेचा नवरा परशुराम सापडलाच नाही. आठ दिवस कोळ्यांनी वेंगुर्ल्यापर्यंत किनारा पालथा घातला. मग सगळ्यांनी हात टेकले. सुभद्रा माहेरी वालावलला गेली, आणि धोंडूने होडी माडांखाली उपडी टाकली. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून तो दुसऱ्यांची जाळी सांधायचा.

"जत्रेत माका कळला," सुभद्रा म्हणाली, "तुमी होडी उपडी घातलात ती परत उचललातच नाय. पुढल्या सोमवारी परत येतंय."

ती गेल्यावर हौसाबाई चुलीपुढून उठून बाहेर आली. नवऱ्याशी या विषयावर ती नऊ वर्षांत एक अक्षर बोलली नव्हती.

"न्हेवा तिका," ती म्हणाली. "तिका काय बोलूचा आसात ता बोलांदे. तुमी ऐकान घेवा."

"दोघांनीच जावया म्हणता ती. लोक बोलतले."

"लोकांचा मी बघतंय."

दुसऱ्या दिवशी धोंडूने होडीवर साचलेली माडाची झावळं बाजूला केली. होडीच्या तळाला बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. त्याने त्या कापूस कोंबून बुजवल्या, वर राळ लावली, लाकडाला तेल पाजलं. एक फळी बदलावी लागली. वल्ही नवीन केली. चौथ्या सोमवारी सुभद्रा आली तेव्हा होडी सुलटी होती. ती तिच्याभोवती एकदा फिरली आणि म्हणाली, "कधी?"

"अष्टमीक. पाण्याक जोर नसता. पयल्या एस्टीन येवा, वारो उठूच्या आत जावया. भटजींका सांगू?"

"भटजी कित्याक? तुमी आणि मी."

धोंडूने मनाशी ठरवलं होतं. तिने शिव्या घालाव्यात, छाती बडवावी, आपण हूं की चूं करायचं नाही. पण तिच्या आधी आपण बोलायचं. नऊ वर्षं गिळून ठेवलेलं त्याच पाण्यावर ओकायचं आणि मग तिला सुखरूप आणून सोडायचं.

अष्टमीला समुद्र तळ्यासारखा होता. होडी पाण्यात लोटल्यावर धोंडूने वल्हं उचललं आणि परत खाली ठेवलं. सुभद्रेने ते पाहिलं.

"माका पोवाक येना नाय, भावजी," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्यावरच आसंय."

मग त्याने वल्हं मारलं. दोन-चार हात वेडेवाकडे गेले, मग अंगाला जुनी लय सापडली. खडकांपाशी येताच त्याने होडी थांबवली आणि पायाशी ठेवलेला नारळ तिच्यापुढे धरला.

"हयच," तो म्हणाला.

सुभद्रेने नारळाला हात लावला नाही. पाण्याकडेही पाहिलं नाही. ती त्याच्याकडेच बघत होती.

"वैनी, माका एक सांगूचा आसा. त्या दिसा परशुराम नको म्हणी होतो. वारो बरो नाय, किल्ल्यावरच ऱ्हवया म्हणी होतो. मीच हट्ट केलंय. तुमचा कुकू मी पुसलंय."

वल्ह्यावरून पाणी ठिबकत राहिलं.

"वल्हवा," सुभद्रा म्हणाली. "किल्ल्याक लावा."

तो वल्हवू लागला. एवढं सांगूनही तिने वाईट शब्द काढला नाही, याचंच त्याला ओझं झालं. पण हात थांबले नाहीत. तटाच्या सावलीत होडीचा तळ वाळूला लागला. त्याने उडी मारून ती ओढून घेतली, सुभद्रेला आधार देऊन उतरवलं. किल्ल्याचा दरवाजा चार पावलांवर होता. ती तिकडे वळलीच नाही. आजूबाजूला माणूस नाही, हे तिने नीट पाहून घेतलं.

"होडी लागली मां, भावजी? आता ती परत उपडी घालू नकात."

"तुमी माका माफ केलात?"

सुभद्रा त्याच्यापुढे वाळूत वाकली आणि तिने त्याच्या ओल्या पायांवर डोकं ठेवलं. तो मागे सरकला.

"माफी तुमी माका करूची," ती म्हणाली. "परशुराम मुंबयत जितो आसा, दुसरी बायल-पोरां घेवन. आठ वर्सां झाली, माका ठावक आसा; लाजेन कोणाक सांगूक नाय."