गेरूच्या रेषा

"वाकडी दिसून राहिली," मनीराम म्हणाला.

कुंताच्या हातातली परात तशीच राहिली. "कोणती?"

"मधातली. ठिपक्यापाशी फुगली हाय."

"उजवा डोळा नीट झाका. अन् पुन्हा पाहा."

मनीरामने पुन्हा पाहिले. छुईमातीने सारवलेल्या पांढऱ्या भिंतीवर गेरूच्या उभ्या-आडव्या रेषांची चौकट होती आणि मधोमध एक ठिपका.

"वाकडीच हाय वो."

कुंताने परात खाली ठेवली आणि फडके ओले केले.

मनीरामचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच अधू झाला होता. त्या डोळ्याला माणसाचे कान दिसत, तोंड दिसत नसे. वयामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतो, असे गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. डावा तेवढा जपायचा होता. त्यासाठी त्यांनी चौकटींचा छापील कागद दिला होता. रोज सकाळी एकेक डोळा झाकून पाहायचे. रेषा वाकडी दिसली की त्याच दिवशी निघायचे. वेळेवर सुई मिळाली तर डोळा वाचतो.

कुंताने तो कागद भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवला होता. शितांच्या वासाने झुरळे आली आणि कागद मधोमध खाऊन गेली. मग काल तिने तीच चौकट भिंतीवर काढायला गेरू कालवला.

"पट्टी घे," मनीराम म्हणाला होता.

"पट्टी कायले लागते?"

खरेच होते. चाळीस वर्षे गावातल्या प्रत्येक लग्नाचा चौक तिनेच काढला होता. तेव्हा मांडवात बायका काम सोडून तिचा हात पाहत उभ्या राहत. तिची रेषा म्हणजे धानाच्या रोवणीची ताणलेली दोरी.

"गेरूच फिसकटला असन का?" तिने आता आशेने विचारले.

"तुही रेषा कायले फिसकटते? माहा डोळाच गेला."

तिने ओल्या फडक्याने त्याचा डोळा पुसला. मग परत पुसला. "बिडी त नाई ओढली ना?"

"कुठून ओढू? माह्या खिशाची झडती त तू रोजच घेतेस."

"मुनग्याच्या पाल्याची भाजी ताटाखाली लपवत असान."

"भाजी खाल्ली. तांदळातला खडाबी खाल्ला. कालबी खाल्ला होता."

"राइस मिलवाल्याले सांगा ते. आता सदरा घाला."

कोहमारा फाट्यापर्यंत ती त्याचा हात धरून भराभरा चालत होती. वाटेत शेजारची पुष्पाबाई आडवी आली.

"काऊन वो कुंताबाई, लय मोठी झालीस? काल गिरणीवर समोरून गेलीस, बोलली नाईस!"

"माह्या डोक्यात याईचा डोळा हाय बाई. तू रुसू नोको."

कोहमाऱ्याच्या थांब्यावर ती एका जागी उभी राहीना. एक बस आली. ती वाट पाहतच राहिली.

"अवो, चढ ना. गोंदियाचीच हाय," मनीराम ओरडला.

"पाट्या रंगवत नाई मेले," ती पायरी चाचपत म्हणाली.

बसमध्ये तो सारखा डोळा झाकून खिडकीचे गज पाहत होता.

"कसे दिसतात?"

"सरळ."

"खोटं बोलता. सुईले भेता."

"भेतो त. तुह्या डोळ्यात टोचन तवा समजन." थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "हाबी डोळा गेला त तुहं तोंड नाई दिसाचं."

कुंताने पदर तोंडाला लावला. 

दवाखान्यात डोळ्यात थेंब टाकण्याआधी डॉक्टरीणबाईंनी मनीरामच्या हातात नवा छापील कागद दिला. त्याने उजवा डोळा झाकला. बराच वेळ पाहिले.

"सरळ," तो म्हणाला. त्याचा त्यालाच विश्वास बसेना.

मग थेंब झाले, यंत्रावर फोटो झाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचे चित्र दोनदा पाहिले.

"काका, डावा डोळा मागच्या वेळेसारखाच आहे. सूज नाही, पाणी नाही. सुईची गरज नाही."

मनीराम लहान पोरासारखा हसला. कुंता मात्र उसळली.

"असं कसं जी? सकाळी वाकडं अन् आता सरळ? सुई चुकवाले बोलून राहिले हे!"

"वाकडं होतं त वाकडं म्हटलं. सरळ हाय त सरळ म्हटलं."

"आणा तो कागद. पाहाचं कसं तेबी मलेच शिकवावं लागते."

तिने कागद हिसकावला आणि उजेडात धरला. आजवर तो धडा तिने रोज दुसऱ्याला दिला होता. आज पहिल्यांदाच तिने स्वतःचा एक डोळा तळहाताने झाकला. मग दुसरा.

"मॅडमबाई, हा कागद बदलून द्या जी," ती म्हणाली. "याच्या त मधातल्या रेषा वाकड्याच छापल्या हाय."