साहेब, खुर्ची ठेवा

पडद्यावरच्या कारकुनाने आपली खुर्ची उचलली आणि तो साहेबाच्या केबिनकडे निघाला. कँटीनमधली चुळबूळ थांबली. दोन शिफ्टचे मिळून शंभरेक कामगार सतरंज्यांवर मांडी घालून बसले होते. बाहेर शेडमागे भरीत पार्टीची वांगी भाजणं चालू होतं. कपाशीच्या काड्यांचा धूर खिडकीतून आत येत होता. तरी कोणी मान वळवेना. जळगावचा माणूस भरताच्या वासाकडे पाठ करून बसतो, म्हणजे सिनेमात दम असलाच पाहिजे.

सिनेमा हितेंद्रने निवडला होता. पाइपच्या या कारखान्यात तो एकोणीस वर्षं एकाच मशीनवर उभा होता. पंधरा दिवसांपूर्वी एचआरच्या चारुलता मॅडमनी त्याला बोलावून विचारलं, "भाऊ, यंदा भरीत पार्टीला सिनेमा दाखवायचाय. कामगारांना आवडेल असा एखादा सांगा ना." त्याच आठवड्यात नव्या शेडमध्ये दोन मशिनी येऊन पडल्या होत्या, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. आठ जणांचं काम एक माणूस करील, असं त्या घेऊन आलेला ट्रक ड्रायव्हर सांगून गेला. मग उरलेल्या सातांचं काय, हे कोणी सांगत नव्हतं. हितेंद्र मनात हिशेब मांडत होता. वय सेहेचाळीस, मुलगी मोहिनीचं नर्सिंगचं पहिलंच वर्ष. या वयात एमआयडीसीत नोकरी मागायला गेलं, तर गेटवरचा वॉचमनही आत सोडत नाही. वरच्यांना जाब विचारायची हिंमत त्याच्यात नव्हती. ती एकट्यादुकट्यात नसतेच. पण सिनेमाचं नाव सांगायला काय जातं? त्याने सांगून टाकलं.

ऑफिसात पिचलेला एक कारकून. तेच टेबल, तेच शिक्के, तोच साहेब. एक दिवस तो खुर्ची उचलतो, साहेबासमोर नेऊन आपटतो आणि निघून जातो. हितेंद्र आणि त्याच्याच लाइनवरचा सत्तारभाई कारखान्यात लागले त्या वर्षी दोघांनी हा सिनेमा गावातल्या थिएटरात पाहिला होता. त्या थिएटरचं आता मंगल कार्यालय झालंय. पण कारकुनाचा शेवटचा डायलॉग कारखान्यात राहिला. सुपरवायझरची पाठ वळली की कोणीतरी तो हळूच म्हणायचं आणि सगळी लाइन खदखदून हसायची. नव्याने लागलेल्या पोरांनी सिनेमा पाहिला नव्हता, डायलॉग मात्र त्यांनाही पाठ होता.

सत्तारभाईला निवड पटली नव्हती. "जुना झाला भो तो पिच्चर. तव्हा एक नोकरी सोडली तं दुसरी भेटे. आता कोन घेतं आपल्याले? आता नाही चालनार तो."

"चालतो की नाही ते बघशील," हितेंद्र म्हणाला होता. "आपल्या पोटात काय आहे ते वरच्यांना एकदा कळू दे."

आता पडद्यावर केबिनचं दार उघडलं. खुर्ची धाडकन टेबलासमोर आदळली. कारकुनाने तोंड उघडायच्या आत अख्खं कँटीन ओरडलं, "साहेब, खुर्ची ठेवा! आयुष्य मी घेऊन चाललो!"

सगळ्यांत आधी हितेंद्र उठून उभा राहिला आणि हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत सुटला. मग सगळेच उठले. शिट्ट्यांनी पत्रे दणाणले. त्याने हळूच मागे पाहिलं. मागच्या रांगेत प्लांट मॅनेजर प्रेमराज साहेब बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते. लागलं म्हणायचं ठिकाणावर, असं हितेंद्रला वाटलं. एकोणीस वर्षांत प्रथमच त्याची छाती फुगली.

दिवे लागले. प्रेमराज साहेब पुढे आले. "हा सिनेमा मी पंधरा दिवसांत तीनदा पाहिला," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला होता. "तुमच्या मनात काय आहे ते मला आधी कळलंच नव्हतं. हितेंद्रभाऊंमुळे कळलं. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. मग चारुलता मॅडम पाकिटं वाटू लागल्या. पाकिटांवर नावं छापलेली होती. पंधरा वर्षांवर नोकरी झालेल्या चाळीस जणांची नावं. हितेंद्रने आपलं पाकीट फोडलं. आतल्या कागदावर वरच मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'आयुष्य घेऊन चला : ऐच्छिक निवृत्ती योजना'. खाली सहीची जागा आणि सोमवारची तारीख. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ. सही न करणाऱ्यांची बदली ओडिशातल्या गोदामावर होईल.

तो कागद घेऊन मॅडमकडे धावला. "मॅडम, मी यासाठी नव्हतं हो सांगितलं नाव."

"असं कसं भाऊ?" मॅडमना खरंच कळेना. "उभं राहून टाळ्या तर सगळ्यांत आधी तुम्हीच वाजवल्या."

त्याने कागद घडी करून खिशात घातला. तो बाहेर आला. पानं मांडली होती. भरीत, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, सगळं वाढून तयार होतं. बाकीचे एकोणचाळीस जण आपापली पाकिटं खिशात घालून जेवत होते. त्याला कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कोणी दिली नाही. तो येताच सत्तारभाईने सरकून जागा केली आणि आपल्या हाताने त्याच्या पानात भरीत वाढलं.

"मीच चुकलो भो," सत्तारभाई म्हणाला. त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "आजबी चालतो तुझा पिच्चर."